हलवणारा कोण? क्रिस्टल पाइटची नृत्यं समजून घेताना

एक लांब टेबल. त्याभोवती ऑफिसच्या कपड्यांतली चार माणसं, दोन बायका, दोन पुरुष. दूर कुठेतरी एक संघर्ष पेटलाय. तो यांच्याच खात्याने पेटवलाय आणि आता हाताबाहेर गेलाय. कुणीतरी निवेदन देऊन सगळा दोष स्वतःच्या अंगावर घ्यायचा आहे. कुणी? तसं ‘वरून’ सांगितलंय म्हणे. वर कोण बसलंय ते शेवटपर्यंत दिसत नाही. सरकारी किंवा खाजगी, कुठल्याही कचेरीत चार वर्षं काढलेल्या माणसाला हे ‘वरून’ समजावून सांगावं लागत नाही.

हे नाटक नाही, नृत्य आहे. नाव ‘द स्टेटमेंट’, लांबी वीसेक मिनिटं. 2016 मध्ये ते नेदरलँड्सच्या ‘नेदरलँड्स डान्स थिएटर’ या संस्थेसाठी बसवलं गेलं. बसवणारी कोरिओग्राफर कॅनडाची, क्रिस्टल पाइट.

गंमत अशी की त्या चौघांपैकी एकही जण तोंडाने बोलत नाही. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले आहेत आणि नर्तक त्या बोलण्यावर नाचतात, जसं आपण ठेक्यावर नाचतो. समजा ‘मी नाही केलं’ हे वाक्य आहे. ‘मी’वर छाती पुढे येते, ‘ना’वर खांदा निसटतो, ‘ही’वर कोपर टेबलावर घसरतो, आणि ‘केलं’ म्हणेपर्यंत अख्खा माणूस टेबलाखाली जायच्या बेतात असतो. तोंड खोटं बोलतंय आणि अंग त्याची चहाडी करतंय. पार्श्वगायनाची आपल्याला जन्मापासून सवय आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणं नवं वाटत नाही. इथे मात्र ओठच काय, मणका, गुडघे, करंगळीसुद्धा त्या आवाजाने हलते. आणि मग प्रश्न पडतो की हे शरीर बोलतंय, की कुणीतरी त्याच्याकडून बोलवून घेतंय?

पाइटचं काम समजून घ्यायला हा एक प्रश्न हाताशी असला की पुरतो: हलवणारा कोण?

मी तिचं पहिलं नृत्य लॅपटॉपवर पाहिलं आणि आजवर जे काही पाहिलंय ते पडद्यावरच. प्रत्यक्ष रंगमंचावर एकही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण साठ माणसं एका श्वासात हलतात तेव्हा प्रेक्षागृहात काय होत असेल याचा मला फक्त अंदाज आहे. पण समजावून सांगायला एवढंही पुष्कळ आहे. ‘मॉडर्न डान्स म्हणजे जमिनीवर लोळायचं आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही’ अशी माझ्या एका मित्राची व्याख्या आहे. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. बॅले ही युरोपातली दरबारी परंपरेतून आलेली शिस्त. पाठ ताठ, पाय बाहेरच्या बाजूला वळवलेले, जमीन जणू नाहीच असा आविर्भाव, आणि स्त्री नर्तकी बुटांच्या टोकावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि जर्मनीतल्या काही नर्तकांनी, त्यांत बायका जास्त, हे सगळं झुगारलं. अनवाणी पाय, जमिनीशी उघड मैत्री, श्वासाबरोबर आकसणारं-सुटणारं धड. हा मॉडर्न डान्स. त्यापुढच्या पिढ्यांनी बॅले, मॉडर्न, रस्त्यावरचा नाच, नाटक असं सगळंच एका भांड्यात घातलं, त्याला आता समकालीन नृत्य म्हणतात. कॅनडात मॉडर्न डान्सच्या व्यावसायिक संस्था बऱ्याच उशिरा उभ्या राहिल्या. विनिपेगमध्ये 1964 साली, माँट्रियलमध्ये 1966 साली, टोरांटोत 1968 साली. पाइटचा जन्म 1970 चा. म्हणजे ती शिकायला लागली तेव्हा तिच्या देशातली ही परंपरा जेमतेम तिच्याच वयाची होती. नमस्कार करायला फारसे जुने देव नव्हते. याचा तिला फायदाच झाला असावा असं मला वाटतं.

जन्म ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य भागातल्या टेरेस या छोट्या गावातला. वाढली ती त्याच प्रांताची राजधानी असलेल्या व्हिक्टोरियात, व्हँकुव्हर बेटावर. नृत्याचं शिक्षण तिथेच झालं. 1988 मध्ये, अठरा पूर्ण व्हायच्या आत, ती व्हँकुव्हरच्या ‘बॅले बीसी’ या संस्थेत नर्तकी म्हणून दाखल झाली आणि 1990 मध्ये त्याच संस्थेसाठी तिने पहिली रचना बसवली. एकोणिसाव्या वर्षी बहुतेक नर्तक स्वतःचा गुडघा सांभाळण्यात गुंतलेले असतात. ही दुसऱ्यांना हलवायला लागली होती.

खरं वळण आलं 1996 मध्ये. ती जर्मनीतल्या ‘बॅलेट फ्रँकफर्ट’मध्ये गेली. त्या संस्थेचा प्रमुख होता विल्यम फोर्साइथ, अमेरिकेतून आलेला आणि बॅलेचं यंत्र उघडून त्याचे स्क्रू मोजणारा माणूस. त्याची कल्पना ऐकायला सोपी आहे. बॅलेत सगळी हालचाल शरीराच्या मध्यरेषेभोवती बांधलेली असते, तोल तिथे, उगम तिथे. फोर्साइथ म्हणाला, हे केंद्र कुठेही नेता येईल. कोपरात न्या, गुडघ्याच्या मागे न्या, कानाच्या पाळीत न्या. शरीराच्या कुठल्याही दोन बिंदूंमध्ये एक रेषा आहे असं समजा आणि ती रेषा ओढा, दुमडा, फेका.

वाचता वाचता करून बघण्यासारखं आहे. उभे राहा आणि उजव्या कोपराने हवेत मोठा ‘क’ काढा. कोपराला वळणं घेता यावीत म्हणून खांदा वर जातो, बरगड्या एका बाजूला सरकतात, डाव्या टाचेला वजन घ्यावं लागतं, मान आपोआप उलटीकडे झुकते. तुम्ही फक्त कोपराला काम सांगितलं होतं, बाकीचं अंग त्याच्यामागे फरफटत आलं. आता तोच ‘क’ पुन्हा काढा, पण तुमचा कोपर दुसऱ्या कुणीतरी धरलाय अशी कल्पना करून. तुम्हाला काढायचा नाहीये, तो काढवून घेतोय. हालचाल तीच, पण बघणाऱ्याला आता एक अदृश्य माणूस दिसायला लागतो.

पहिला ‘क’ फोर्साइथचा. दुसरा पाइटचा.

2001 पर्यंत ती फ्रँकफर्टमध्ये होती. परत आल्यावर काही वर्षं तिने माँट्रियलच्या ‘बॅले जॅझ’ संस्थेसाठी रचना केल्या आणि मधल्या काळात, 2002 मध्ये, व्हँकुव्हरला स्वतःची संस्था काढली. नाव ‘किड पिव्हट’. पिव्हट म्हणजे एका पायावर नेमकं, मोजून घेतलेलं वळण, दिशा बदलणारं. आणि ‘किड’मध्ये आहे समुद्री चाचा, दांडगट, कायदा न जुमानणारा इसम. काटेकोरपणा आणि बेफिकिरी एकाच पाटीवर. संस्था लहानच राहिली. सहा-आठ कलाकार, जगभर दौरे. तिचा जोडीदार जे गावर टेलर हाही आधी नर्तक होता, आता तिच्या बहुतेक रचनांचं नेपथ्य तो करतो. संगीतकार ओवेन बेल्टन, प्रकाशयोजनाकार टॉम व्हिसर ही नावंही पुन्हा पुन्हा येतात. नाटक कंपनीत असतो तसा ठरलेला गोतावळा.

कळसूत्री बाहुलीचं तिचं वेड उघड झालं 2009 च्या ‘डार्क मॅटर्स’मध्ये. एक माणूस स्वतःच्या हाताने बाहुली बनवतो. तिला हलवायला काळ्या कपड्यांतले, तोंडं झाकलेले लोक आहेत, जपानी बाहुलीनाट्यात असतात तसे. प्रेक्षकाने त्यांना ‘दिसत नाहीत’ असं धरायचं असतं आणि आपणही निमूटपणे धरतो. बाहुली हळूहळू जिवंत होते आणि शेवटी आपल्याच निर्मात्याच्या जिवावर उठते. एवढं झाल्यावर दुसऱ्या भागात बाहुली नाही, गोष्ट नाही, नुसते नर्तक. पण पहिल्या भागाने आपले डोळे बिघडवून ठेवलेले असतात. आता प्रत्येक नर्तक बाहुली वाटतो आणि त्याच्या मागे काळ्या कपड्यातला कुणीतरी असणार असं वाटत राहतं. विश्वातला न दिसणारा पण सगळ्याला ओढणारा पदार्थ हा या नावाचा शास्त्रीय अर्थ, तो इथे अगदी चपखल बसतो. माझ्या मते पाइटची गुरुकिल्ली याच रचनेत आहे, जरी ती सर्वांत गाजलेली नसली तरी.

त्याच वर्षी तिला अगदी उलट प्रकारचं काम मिळालं. टोरांटोच्या ‘नॅशनल बॅले ऑफ कॅनडा’ने तिला मोठ्या संचासाठी रचना करायला बोलावलं. मोठी बॅले संस्था म्हणजे उतरंड: वर प्रमुख नर्तक, त्याखाली एकल नर्तक, तळाशी समूह. पाइटने विषय घेतला मधमाश्यांचा. रचनेचं नाव ‘इमर्जन्स’.

हा शब्द विज्ञानातला आहे आणि थोडं थांबून समजून घेण्यासारखा आहे. मोहोळ वेगळं होतं, तेव्हा हजारो माश्या फांदीला लटकून राहतात आणि काहीशे माश्या नव्या घराच्या शोधात निघतात. परत आलेली माशी थव्यावर नाचून सांगते की जागा कुठे आहे आणि कितपत बरी आहे. माशीच्या नाचातला पत्ता कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडला, 1973 मध्ये त्याला नोबेल मिळालं. जागा जितकी चांगली तितका नाच जास्त वेळ चालतो, तितक्या जास्त माश्या ती बघायला जातात. एखाद्या जागेवर पुरेशा माश्या जमल्या, म्हणजे आपल्या भाषेत गणपूर्ती झाली, की सगळा थवा उठतो. राणीमाशीला कुणी विचारत नाही. तिला राणी म्हणतो ते आपण. हुकूम देणारं कुणीच नसताना साध्या साध्या हालचालींच्या बेरजेतून एक शहाणा निर्णय ‘उगवतो’, त्याला इमर्जन्स म्हणतात.

रंगमंचावर मागे टेलरने केलेलं घरट्यासारखं गोल भोक, त्यातून किड्यांसारखे बाहेर पडणारे नर्तक, खांद्याची पाती पंख फुटत असल्यासारखी उचललेली. आणि मग एका रांगेत उभ्या असलेल्या नर्तकी पुढे येतात, टोकदार बुटांवर, आणि कुजबुजत आकडे मोजतात. नृत्यात मोजणी ही पडद्यामागची गोष्ट. नर्तक मनात मोजतो आणि आपल्याला कळू देत नाही. पाइटने ती बाहेर आणली. अचानक जाणवतं की बॅलेच्या समूहालाही एक सामुदायिक मेंदू आहे आणि तो आकड्यांत विचार करतो. उतरंडीच्या संस्थेत बिनराजाच्या राज्याचं नृत्य. टोरांटोच्या रंगभूमीवरच्या मानाच्या डोरा पुरस्कारांपैकी चार या रचनेला मिळाले.

इथून तिला गर्दीची चटक लागली. 2014 मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात टॉमस अॅडेसच्या संगीतावर ‘पोलॅरिस’, साठांहून जास्त नर्तक. 2016 मध्ये पॅरिस ऑपेराच्या बॅलेसाठी ‘द सीझन्स कॅनन’, चोपन्न नर्तक, संगीत मॅक्स रिख्टरने नव्याने रचलेले विवाल्दीचे ‘फोर सीझन्स’. त्या नावातला ‘कॅनन’ म्हणजे तोफ नव्हे. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने तेच थोड्या वेळाने, तिसऱ्याने आणखी थोड्या वेळाने, अशी ती युक्ती आहे. उभ्या जोंधळ्यावरून वारा जातो तसं. ताट जागचं हलत नाही, फक्त वाकतं आणि सरळ होतं. पण आपल्याला शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी धावत गेलेलं दिसतं.

हिशेब करून बघा. छत्तीस नर्तक आहेत आणि प्रत्येकाने आधीच्यापेक्षा अर्धी मात्रा उशिरा तीच मान वळवायची आहे. पहिल्याने मान वळवल्यावर छत्तिसाव्याची पाळी साडेसतरा मात्रांनी येते. तोवर पहिला पुढच्या कुठल्यातरी हालचालीत आहे. म्हणजे छत्तीस जण एकच वाक्य म्हणताहेत, पण कुणीच एका शब्दावर नाही. बघणाऱ्याचा डोळा एकेक माणूस धरायचा प्रयत्न सोडून देतो आणि लाट बघायला लागतो. ज्या क्षणी तुम्ही लाट बघता त्या क्षणी माणसं नाहीशी होतात. छत्तीस माणसांचा एक मणका, एक प्राणी, कधी चक्क डोंगराची घडी.

हे तंत्र सोपं नाही, पण एकदा कळलं की चमत्कार थोडा उतरतो, हेही खरं. नुसती लाट म्हणून लाट बघायला मला दहा मिनिटं पुरतात. पाइट मोठी ठरते ती त्या लाटेतून एक माणूस बाहेर काढते तेव्हा.

‘फ्लाइट पॅटर्न’मध्ये तिने ते केलं. मार्च 2017, लंडनचं कोव्हेंट गार्डन, रॉयल बॅले. त्या संस्थेच्या मुख्य रंगमंचासाठी एखाद्या स्त्रीने नवी रचना करण्याची ही अठरा वर्षांतली पहिली वेळ होती. संख्येचं कौतुक करावं की संस्थेची लाज वाटावी, तुम्हीच ठरवा. नर्तक छत्तीस. विषय निर्वासितांचा. इंग्रजीत या नावाचे दोन अर्थ लागतात, उड्डाण आणि पलायन, आणि पक्ष्यांचं स्थलांतर नि जीव मुठीत धरून निघालेली माणसं दोन्ही त्यात बसतात. संगीत पोलंडच्या हेन्रिक गोरेत्स्कीच्या 1976 मधल्या तिसऱ्या सिंफनीचं. त्याचा पहिला भाग स्वतःच एक कॅनन आहे. तळाशी डबल बास सुरू होतात आणि मग एकेक वाद्यगट तेच सूर घेऊन त्यावर चढत जातो. मधोमध एक स्त्री पंधराव्या शतकातलं पोलिश विलापगीत गाते, मरणाऱ्या मुलाशी बोलणाऱ्या आईचं.

करड्या कोटांतल्या माणसांची दाटीवाटीची रांग. ती पुढे सरकते, थांबते, डोलते, एकाच वेळी मान वर करून कशाची तरी वाट बघते. रेशनच्या किंवा इस्पितळाच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे डोलणं ओळखीचं वाटेल, पाय दुखायला लागल्यावर वजन या पायावरून त्या पायावर टाकण्याचं. मग कोट अंगावरून उतरतात. कधी ते अंथरूण होतात, कधी ओझं. एका बाईच्या हातात घडी केलेला कोट आहे आणि ती तो ज्या तऱ्हेने धरते त्यावरून आपल्याला कळतं की तो कोट नाही, मूल आहे. मग बाकीचे येऊन आपापले कोट तिच्या हातांत ठेवत जातात आणि ती त्या ढिगाखाली वाकत जाते. शेवटाकडे एक तरुण रांगेतून फुटतो आणि एकटाच नाचतो. त्याचं नाचणं सुंदर नाही, चिडलेलं आहे, अंग भिंतीवर आपटल्यासारखं.

इथे एक आक्षेप घेता येतो आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. मखमली खुर्च्यांत बसून, महागडं तिकीट काढून निर्वासितांचं दुःख इतकं देखणं पाहायचं का? देखणेपणात दुःख विरघळून जात नाही का? काही ठिकाणी जातं, असं मला वाटतं, विशेषतः सगळे एका लयीत वाकतात तेव्हा. पण त्या तरुणाच्या वेळी विरघळत नाही, आणि कोट धरलेल्या बाईच्या वेळी तर नाहीच. पाच वर्षांनी, 2022 मध्ये, पाइटने याच रचनेला आणखी दोन भाग जोडले आणि गोरेत्स्कीची पूर्ण सिंफनी वापरली. त्या संपूर्ण रचनेचं नाव ‘लाइट ऑफ पॅसेज’. मधल्या भागात लहान मुलं आहेत, शेवटच्या भागात म्हातारे कलाकार.

आता तिच्या सर्वांत जड कामाकडे येतो. ‘बेट्रोफेनहाइट’ हा जर्मन शब्द. जबर आघातानंतर माणूस जिथे थिजून बसतो, काही सुचत नाही, शब्द फुटत नाही, त्या अवस्थेचं नाव. आपला ‘सुन्न’ जवळचा आहे, पण सुन्नपणा उतरतो असं आपण धरून चालतो. हा उतरत नाही.

व्हँकुव्हरचा नट आणि नाटककार जोनाथन यंग याने 2009 मध्ये एका आगीत आपली मुलगी आणि कुटुंबातली आणखी दोन मुलं गमावली. काही वर्षांनी त्याने त्या अनुभवाभोवती लिहिलेला मजकूर आणि पाइटचं नृत्य एकत्र आलं. 2015 च्या जुलैत टोरांटोला पहिला प्रयोग झाला. मुख्य भूमिकेत यंग स्वतः. सोबत किड पिव्हटचे पाच नर्तक.

पडदा उघडतो तेव्हा एक कळकट खोली आहे, कारखान्याच्या कोपऱ्यातली असावी तशी. जमिनीवरच्या वायरी सापासारख्या आपोआप सरपटतात. आत एकटा माणूस, त्याच्याशी बोलणारे आवाज, आणि ते आवाज त्याचेच. काय झालं होतं, आपण काय करायला हवं होतं, पुन्हा पुन्हा, सुरक्षेच्या सूचनांच्या कोरड्या भाषेत. मुलीचा, आगीचा थेट उल्लेख नाही. तपशील कुणी सांगत नाही आणि त्यामुळेच तो सगळीकडे आहे. मग दारं उघडतात आणि आत येते चक्क करमणूक: चमचमत्या कपड्यांतला तमाशा, टॅप डान्स, साल्सा, विदूषकी चाळे. यंग त्यात ओढला जातो, निवेदक होतो, दात काढून हसतो. हा ‘शो’ म्हणजे नशा. दुःखाच्या खोलीतून काही तासांची सुटका देणारी आणि प्रत्येक वेळी परत तिथेच आणून सोडणारी. व्यसनाबद्दल मी पुष्कळ वाचलंय. पण माणूस ते सोडत का नाही, हे मला त्या टॅप डान्सने जास्त नीट सांगितलं. तो शो खरोखरच मजेदार आहे. आपणही टाळ्या वाजवायच्या बेतात असतो.

मध्यंतरानंतर खोली गेलेली आहे. रिकामा रंगमंच, एक मोठा काळा खांब, करड्या साध्या कपड्यांतली माणसं. पहिल्या भागात शब्दांनी जे गोल गोल फिरून सांगितलं, तेच आता जवळजवळ बिनशब्दाचं, नुसत्या शरीरांनी. कुणी पडतंय, कुणी धरतंय, कुणाला धरता येत नाहीये. शेवटी जर्मेन स्पायव्ही हा नर्तक एकटा उरतो आणि यंगचंच दुसरं अंग असल्यासारखा नाचतो. पहिल्या भागात हलवणारा स्पष्ट होता, त्या माणसाला त्याचं दुःख दोऱ्या लावून नाचवत होतं. शेवटच्या त्या एकल नृत्यात दोऱ्या आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. हातपाय कधी ओढल्यासारखे जातात, कधी स्वतःहून. बरं होणं असंच दिसत असेल का, मला माहीत नाही.

या रचनेला 2017 मध्ये ब्रिटनचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. त्याआधी 2015 मध्ये पाइटला तो मिळालाच होता, नंतर 2018 मध्ये ‘फ्लाइट पॅटर्न’साठी, मग 2022 मध्ये, मग 2025 मध्ये. पुरस्कारांचं एवढंच पुरे.

2022 चा पुरस्कार ज्या रचनेला मिळाला तिच्यात मराठी माणसाला हक्काची जागा आहे. ‘रेविझोर’, 2019 ची. मूळ गोष्ट रशियन लेखक गोगोलच्या नाटकाची. भ्रष्ट गावात सरकारी तपासनीस येणार अशी आवई उठते आणि भलत्याच माणसाला तपासनीस समजून सगळे त्याचे पाय धरतात. पुलंचं ‘अंमलदार’ याच नाटकाचं रूपांतर, तेव्हा कथानक घरचंच आहे. पाइट आणि यंगने ते आधी फार्स म्हणूनच केलं. संवाद ध्वनिमुद्रित, नर्तक कपड्या-मिशांसकट ओठ हलवताहेत, प्रत्येक अक्षराला अंगाचा हेलकावा. आपल्या नाट्यशास्त्राने आंगिक आणि वाचिक अभिनय वेगळे मोजले. इथे ते खरोखरच दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात, आवाज एकाचा, अंग दुसऱ्याचं. खरं सांगायचं तर हा भाग मला थोडा लांबलेला वाटतो. प्रत्येक शब्दाखाली हालचालीने रेघ ओढली की काही वेळाने सगळंच अधोरेखित होतं. पण मग अचानक फार्स थांबतो. वेश उतरतात, नेपथ्य जातं, आणि तीच दृश्यं पुन्हा येतात, या वेळी नुसत्या शरीरांची. सोबत एक कोरडा आवाज कोण कुठे सरकलं एवढंच सांगत राहतो. खुशामत करताना पाठीचं काय होतं, लाच देणारा हात देण्याआधी किती वेळ हवेत थांबतो, घाबरलेल्या माणसाची मान कुठे जाते. हसू ओसरल्यावर भ्रष्टाचाराचं शरीरशास्त्र उरतं.

गेल्या काही वर्षांत ती माणसांच्या पलीकडेही गेली आहे. ब्रिटिश दिग्दर्शक सायमन मॅकबर्नीबरोबर नेदरलँड्स डान्स थिएटरसाठी केलेल्या ‘फिगर्स इन एक्स्टिंक्शन’ या तीन भागांच्या मालिकेची सुरुवात नाहीशा झालेल्या आणि होत चाललेल्या जिवांच्या यादीपासून होते. नर्तक एकेका प्राण्याला थोडा वेळ अंगात घेतात आणि सोडून देतात.

पण मित्राला पहिल्यांदा काय दाखवायचं हे मी ठरवलंय. 2023 ची ‘असेंब्ली हॉल’, पुन्हा यंगबरोबर. हिलाच 2025 चा ऑलिव्हिए मिळाला. एका गावातलं जुनाट सामाजिक सभागृह. मध्ययुगीन सरदारांचे पोशाख घालून लुटुपुटूच्या लढाया करणारं एक हौशी मंडळ तिथे जमलंय. सदस्य घटलेत, मंडळ चालवणं जड झालंय, आणि आज वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषय एकच: मंडळ विसर्जित करायचं की नाही. आठ कलाकार ध्वनिमुद्रित आवाजांवर ओठ हलवत सभा चालवतात, खुर्च्या सरकवतात, मुद्दा सोडून भांडतात, आणि मध्येच त्या सभागृहात खऱ्याखुऱ्या दंतकथेतली चिलखतं, प्रेतं आणि तलवारी उगवतात.

आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेला अर्धा तास गणपूर्तीची वाट पाहण्यात गेला. मग नियमाप्रमाणे सभा तहकूब झाली आणि दहा मिनिटांनी त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांनी ती पुन्हा सुरू केली. ठराव वाचला गेला. सचिवांनी मान वर करून विचारलं, “सूचक कोण?” कुणीच बोललं नाही. मग तिसऱ्या रांगेतला एक हात हळूहळू वर गेला, कुणीतरी मनगटाला धरून उचलल्यासारखा. तो माझाच होता.